आठ रंगांचा नकाशा

आयुष्यात मी हौसेखातर ज्या वेबसाइटी बनवल्या, त्यांतली एकच कुणाच्या तरी उपयोगी पडली, आणि त्या एका उपयोगानं माझ्या काकांच्या घराचं दार मला बंद झालं. बाकीच्या वीस-बावीस कुणी पाहिल्याच नाहीत. तीही कुणी पाहिली नसती तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं. इतकं रोज, की आता ते दात घासण्यासारखं झालं आहे.

आमचं गाव कुंभार पिंपळगावपासून आत सहा-सात किलोमीटरवर. मी पाच वर्षांचा असताना वडील गेले आणि त्यानंतर मला काकांनी वाढवलं. वाटण्या आधीच झालेल्या होत्या. आमचं शेत वेगळं, त्यांचं वेगळं, मध्ये एक बांध. पण आमच्या वाट्याची नांगरणी, पेरणी, राखण सगळं काकाच बघायचे. घरंही भिंतीला भिंत लागून होती. काकूच्या चुलीवरच्या गरम भाकरी भिंतीवरून आमच्याकडे यायच्या आणि मायचं कोरड्यास तिकडे जायचं. काकांना दोन मुलीच. "पोरगा हाय की मला, हे काय," असं ते माझ्या पाठीवर थाप मारून चारचौघांत म्हणायचे, आणि ती थाप चांगली सणसणीत असायची.

बारावीला मला बेताचेच मार्क पडले. काका मला घेऊन जालन्याला आले, स्टेशनच्या अलीकडच्या एका कॉम्प्युटर क्लासच्या पायऱ्या माझ्याबरोबर चढले आणि तिथल्या सरांना म्हणाले, "ह्याला हे समदं शिकवा. शेतात न्हाई जमणार ह्याला, उन्हात चक्कर येती." क्लासमधल्या पोरी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बोलणं खरंच होतं. उन्हात मला चक्कर यायचीच.

क्लास झाल्यावर नोकरीही काकांमुळेच लागली. जालना हे बियाण्यांच्या कंपन्यांचं गाव. कंपनी शेतकऱ्याला नर आणि मादी अशा दोन जातींचं बी देते, शेतकरी आपल्या रानात त्यांचा संकर करून देतो आणि तयार झालेलं बियाणं कंपनी घेते. याला आमच्याकडे नुसतं 'प्लॉट' म्हणतात. काका दरवर्षी कपाशीचा प्लॉट घ्यायचे आणि त्यांचा प्लॉट कधी नापास झाला नव्हता. त्या ओळखीवर एका कंपनीच्या शेठनी मला ऑफिसात कॉम्प्युटरवर बसवलं. शेठ मारवाडी, तीन पिढ्यांपासून जालन्यात, मनानं चांगले. शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, लावणीची तारीख हे दिवसभर भरायचं, एवढंच माझं काम. साडेपाचला माणसं घरी गेली की वॉचमन कुलूप लावीपर्यंत तो कॉम्प्युटर माझा असायचा. ते तास-दीड तास हेच माझं खरं आयुष्य आहे, असं मी समजत होतो.

हे नव्व्याण्णव-दोन हजारच्या सुमाराचं. वेबसाइट कशी बनवतात हे मी एका फाटक्या पुस्तकावरून आणि दुसऱ्यांच्या वेबसाइटींच्या आतलं लिखाण बघून शिकलो. मला पाहिजे ते नाही, जमेल ते बनवायचो. पडद्यावर एक बैलगाडी डावीकडून उजवीकडे जायची. चाकं फिरायची पण बैलांचे पाय हलायचे नाहीत, त्यामुळे बैल बर्फावरून घसरत चालल्यासारखे दिसायचे. एक पान कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजाराला किती दिवस, किती तास, किती मिनिटं आणि किती सेकंद उरले ते दाखवायचं. बाजाराला सेकंदावर कोण जातं, हा प्रश्न मला पडला नाही. एक पान माऊस नेईल तिकडे मान वळवणाऱ्या कोंबड्याचं होतं. हे सगळं फुकट जागा देणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या वेबसाइटवर मी चढवायचो. प्रत्येक पानाखाली किती जणांनी पाहिलं याचा आकडा असायचा. तो आकडा वाढला की मी खूश व्हायचो, आणि मग लक्षात यायचं की मघाशी आपणच तीनदा उघडून बघितलं.

ह्यातून मला काय पाहिजे होतं ते आता नीट सांगता येतं. कुणीतरी मागं येऊन उभं राहावं आणि "हे तू केलंस?" असं म्हणावं. बस, एवढंच. माणसाचं वाटोळं व्हायला एवढी इच्छा पुरते.

नकाशाचं खूळ डोक्यात आलं ते तलाठ्याकडच्या गावच्या नकाशामुळे. काहीतरी उताऱ्याच्या कामाला गेलो होतो तर भिंतीवर आमचं सगळं शिवार टांगलेलं. प्रत्येक शेत गट नंबरासकट. मी त्याची झेरॉक्स मागून घेतली, जालन्याला लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात तिचं कॉम्प्युटरवरचं चित्र करून घेतलं आणि कामाला लागलो. मला असं पान करायचं होतं की कुठल्याही शेतावर टिचकी मारली की ते शेत उजळेल, त्यात यंदा काय पीक आहे ते दिसेल आणि बाजूला एक छोटी यादी उघडेल: या शेताच्या पूर्वेला काय, पश्चिमेला काय, उत्तरेला काय, दक्षिणेला काय. त्यासाठी प्रत्येक शेताचा प्रत्येक कोपरा चित्रात कुठल्या जागी येतो ते मोजून त्याचे आकडे हातानं लिहावे लागतात. आमच्या शिवारात तीनशेच्या वर गट, आणि कुठलंही शेत सरळ चौकोनी नाही. चार महिने मी कोपरे मोजत होतो. डोळे मिटले तरी कोपरेच दिसायचे.

पिकांची माहिती मायकडून मिळाली. दर रविवारी मी गावाकडे जायचो, ती चुलीपाशी बसून सांगायची आणि मी लिहून घ्यायचो. खुरपणीला, वेचणीला सगळ्या शिवारात हिंडलेली बाई. तिला गट नंबर माहीत नव्हते पण शेतांची नावं माहीत होती: चिंचेचं, पाणंदीचं, खडकाळीचं, नदीचं. कुणाच्या रानात काय पेरलंय हे ती न थांबता सांगायची, आणि मला दुसऱ्या कुणाला विचारायची गरजच पडली नाही.

"पाणंदीच्यात काय हाय?"

"तूर. अन् कडंनं अंबाडी."

"नदीच्यात?"

"काकाचा प्लॉट न्हाई का? ते बी मलाच इचारतो."

"अन् त्याच्या उगवतीला?"

"आपलंच की. बाजरी. अन् बांधाला माहा वातीचा कापूस हाय, त्यो बी लिही."

"त्यो कशाला माय? इनमिन चार झाडं."

"चार न्हाईत, दोन ओळी हायती. देवाच्या वातीला लागती. लिही तू बराबर."

वातीचा कापूस म्हणजे गावरान कापूस. आखूड धाग्याचा, बारीक बोंडांचा. विकायला त्याचा उपयोग नाही. पण त्याच्या वाती तेल धरून ठेवतात आणि विकतच्या कापसाच्या वाती भसाभस जळून जातात, असं आमच्याकडच्या बाया सांगतात. म्हणून प्रत्येक घरची बाई कुठल्या ना कुठल्या बांधाला दहा-वीस झाडं लावते. ती झाडं तिची. त्यांना घरातला गडी हात लावत नाही, आणि पिकांत त्यांची गणतीही होत नाही. मायला वाटलं, आपल्या लेकानं गावाचं रान कॉम्प्युटरवर मांडलंय तर त्यात आपल्याही दोन ओळी असाव्यात. मीही लिहिल्या.

आता जे सांगतो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नकाशाच्या खाली कुठला रंग कुठल्या पिकाचा हे सांगणारे चौकोन होते. कापूस पिवळा, तूर हिरवी, बाजरी तपकिरी, असे आठ. आठ चौकोन एका ओळीत अगदी नेमके बसले होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गावरान कापसाला वेगळा रंग द्यायचा तर नववा चौकोन खालच्या ओळीत एकटाच जायचा. मी तो घालून पाहिला. दिसायला बरं दिसेना. मी तो काढून टाकला आणि बांधाच्या जागी मायच्या दोन ओळींची पिवळी रेघ काढली. नाव लिहिलं 'कापूस'. पाच मिनिटांचं काम होतं, आणि मी ते राहू दिलं नाही, कारण पान सुंदर दिसत होतं.

माय पुढे डोळे तपासायला जालन्याला आली तेव्हा मी तिला ऑफिसात आणून नकाशा दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. पण नदी तिनं लगेच ओळखली, मग चिंचेचं, मग बोट सरकवत सरकवत बांधावर आली आणि म्हणाली, "हे माहं." पिवळ्या रेघेवर तिनं बोट टेकवलं आणि काचेला हात लावला म्हणून घाबरून मागं घेतलं. नकाशा झाल्यापासूनचा तो एकच आनंदाचा दिवस.

त्या वर्षी काकांचा प्लॉट बघण्यासारखा आला होता. कपाशीचा संकर हातानं करावा लागतो. दुपारनंतर मादी झाडाची उद्या फुलणारी कळी सोलून आतले केसर काढायचे, खूण म्हणून वर लाल कागद अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर फूल आणून त्यावर फिरवायचं आणि दोरा बांधायचा. एकेक कळी. दोन महिने, एक दिवस न चुकता. काकू आणि तिच्या दोघी पोरी हे करत होत्या. पोरींची शाळा त्या दोन महिन्यांत बुडाली होती. काकूच्या अंगठ्याचं नख कळ्या सोलून काळं पडलं होतं, आणि भाकरी थापताना ती तो अंगठा वर धरायची. यंदा प्लॉट झाला की मोठीला अंबडला बोर्डिंगात ठेवून पुढं शिकवायची, असं घरात ठरलं होतं. पोरगी हुशार होती. माझ्यापेक्षा खूपच हुशार.

दसऱ्यानंतर ऑफिसात नवे साहेब आले. प्लॉटच्या तपासणीसाठी कंपनीनं बाहेरून बोलावलेले. आदल्या वर्षीच्या बियाण्यात भेसळ निघाल्याची तक्रार कुठूनतरी आली होती, म्हणून यंदा सगळं कडक. प्लॉटच्या आजूबाजूला ठरावीक अंतरात दुसरी कपाशी नको हा नियम जुनाच. वारा आणि माश्या परक्या फुलातला पराग आणतात म्हणून. पण तो नियम आजवर आमचा फिल्डवर फिरणारा माणूस रानात उभा राहून डोळ्यांनी बघत होता. मायच्या ओळी तो वर्षानुवर्षं बघत आलेला. गावरानचा पराग या कपाशीला लागत नाही, हे त्यालाही माहीत होतं, काकांनाही आणि मलाही.

शेठना माझं कौतुक होतं. तेच मला साहेबांपुढे घेऊन गेले. "साहेब, आमच्या पोरानं पूर्ण गाव बनवलंय कॉम्प्युटरवर. दाखव रे, दाखव. शरमू नको बिलकुल."

मी नकाशा उघडला. साहेब माझ्या खुर्चीच्या मागं येऊन उभे राहिले. हेच तर मला हवं होतं. माझे कान गरम झाले होते.

"हे तुम्ही केलं?" साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"आपले प्लॉट यात कुठे आहेत?"

त्या गावात कंपनीचे सहा प्लॉट होते. मी कुठल्याही एकावर टिचकी मारू शकलो असतो. मी काकांच्या शेतावर मारली, कारण ते माझ्या काकांचं होतं आणि प्लॉट सगळ्यांत चांगला होता. शेत उजळलं. बाजूला यादी उघडली. पश्चिमेला नदी. उत्तरेला तूर. दक्षिणेला ज्वारी. पूर्वेला कापूस. मला त्या क्षणी दिसलं ते एवढंच, की यादी बिनचूक आली.

"पूर्वेला कापूस आहे?"

"न्हाई, म्हणजे तो वातीचा हाय साहेब, गावरान. दोन ओळी फक्त."

"इथं तर कापूस लिहिलंय."

"हो, पण ते रंग आठच..." काय सांगणार होतो? चौकोन खाली जात होता म्हणून?

"याची प्रिंट काढा," साहेब म्हणाले. मी काढली.

दुसऱ्या दिवशी साहेब त्या फिल्डवरच्या माणसाला घेऊन गावात गेले. बांधावर दोन ओळी होत्याच. त्या माणसानं, गावरान आहे साहेब, यानं काही होत नाही, असं सांगून पाहिलं म्हणतात. साहेबांनी त्याला विचारलं, मग आजवरच्या तपासणीच्या कागदात हे का लिहिलं नाही? त्यावर त्यानं माघार घेतली. त्यालाही पोराबाळांचं बघायचं होतं. झाडं उपटायला सांगूनही भागलं असतं, पण संकराचं काम संपत आलेलं आणि त्या ओळी पूर्ण हंगामभर फुललेल्या. प्लॉट नापास.

ते पत्र टाइप करायला माझ्याच टेबलावर आलं. काकांचं पूर्ण नाव, गाव, गट नंबर मी टाइप केला. मी शेठकडे गेलो, हातापाया पडलो म्हटलं तरी चालेल. शेठ कितीतरी वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "बेटा, नुसतं तोंडी असतं तर मी सांभाळलं असतं. आता छापलेला कागद वर गेला. तू एवढी जल्दी कशाला केली?" मी साहेबांकडेही गेलो. गावरान आणि ही कपाशी यांचा संकर होत नाही, पुस्तकात आहे, म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, तुमचाच नकाशा आहे ना? मग तुम्हीच कापूस का लिहिलंत?

त्या संध्याकाळी मी नववा चौकोन घातला. जांभळा. गावरान कापूस असं नाव दिलं. खालच्या ओळीत एकटा दिसत होता, पण वाईट दिसत नव्हता. वॉचमन कुलूप लावायला येईपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसलो.

रविवारी गावाकडे गेलो. काका ओट्यावर बसले होते. मी समोर उभा राहिलो. बस म्हणाले नाहीत.

"नकाशा तूच दावला का त्यांना?"

"हो."

"आन् त्या शेतावर दाबलं कुणी? साहेबानं का तू?"

"मी."

"पयलं आमच्याच?"

"हो."

"का?"

"तुमचा प्लॉट समद्यात चांगला होता म्हणून."

काकांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले असते, मारलं असतं तर मी ते आयुष्यभर जपून ठेवलं असतं. ते उठले आणि आत गेले. काकू दारातच उभी होती. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. दोन महिन्यांचं काम साध्या कापसाच्या भावानं गेलं. मोठी अंबडला गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

मायनं त्याच दिवशी दुपारी त्या दोन्ही ओळी उपटल्या. मी तिच्यामागं बांधावर गेलो होतो. वातीच्या कापसाची झाडं जुनी झाली की मुळं घट्ट धरून बसतात. ती दोन्ही हातांनी ओढत होती, मध्येच मागं पडत होती, मला हात लावू देत नव्हती. नदीच्या बाजूनं काकू आपल्या रानात उभी राहून बघत होती.

"मीच म्हणले, लिही म्हणून," माय म्हणाली. "माहीच चूक. मला कशाला पाहिजे होतं कॉम्प्युटरात?"

तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. तुझी चूक नाही माय, तू वातीचा म्हणून सांगितलं होतंस, मीच नुसता कापूस लिहिला, एवढं वाक्य. मी बोललो नाही. का बोललो नाही हे मला आजही माहीत नाही, किंवा माहीत आहे आणि लिहवत नाही. ती दोष घेत होती आणि मी तो तिला घेऊ दिला. माय तीन वर्षांपूर्वी गेली, ते डोक्यात घेऊनच गेली.

भिंतीवरून भाकरी यायची बंद झाली. भांडण नाही, शिवीगाळ नाही, काही नाही. काका माझ्याशी बोलायचे, पण पाहुण्याशी बोलावं तसं: कधी आलास, कधी जाणार. आणि हे आमच्या घरापुरतं राहिलं नाही. आमच्याकडे माणूस माणसाला भेटला की पहिला प्रश्न "काय पेरलं यंदा?" हाच असतो. तो मी कुणालाही विचारला की लोक इकडेतिकडे बघायचे. "पेरलं काहीबाही." "बघू, अजून काय न्हाई." ज्याच्या रानात कमरेएवढी ज्वारी उभी होती, तोही मला "अजून काय न्हाई" म्हणाला. पाराजवळ चार माणसं बोलत बसलेली असली आणि मी जाऊन टेकलो की बोलणं हळूच दुसरीकडे वळायचं. कुणी मला वाईट बोललं नाही. वाईट बोलले असते तर उत्तर तरी देता आलं असतं.

मी नकाशा इंटरनेटवरून काढून टाकला. ज्या परदेशी कंपनीची ती फुकटची जागा होती, ती कंपनीही पुढे बंद पडली. नोकरी सोडली, पुण्याला आलो. इथं दुसऱ्यांच्या वेबसाइटी बनवून पोट भरतो. शाळांच्या, दवाखान्यांच्या, मंगल कार्यालयांच्या. लोक म्हणतात काम नीटनेटकं असतं. अजूनही सुट्टीच्या दिवशी मी हौसेचं काहीतरी करतो, सवय जात नाही. पडद्यावर वर्तुळं फिरतात, रेषा एकमेकींना टाळत सरकतात. त्यात माणूस नसतो, शेत नसतं, कुणाचं नाव नसतं. ते कुणाला दाखवतही नाही. मला त्यात काही सुख मिळतं का? नाही. पण हात मोकळे ठेवले की त्याहून वाईट वाटतं.

सहा-सात वर्षं अशीच गेली. मग एक दिवस मायचा फोन आला. काकांचं डावं अंग गेलं होतं. त्यांना जालन्याला दवाखान्यात आणलं होतं. "तू ये," माय म्हणाली, आणि थोडं थांबून म्हणाली, "त्यांनी सांगितलं न्हाई तुला बोलवायला. मीच सांगून राह्यले." मी मिळाली ती बस धरली.

मी पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. मोठ्या वॉर्डात दहा-बारा खाटा, काका खिडकीकडच्या खाटेवर. तोंड एका बाजूला ओढलेलं. काकू स्टुलावर. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. धाकटी पोरगी औषधं आणायला गेली होती. मी काकांच्या पायांशी उभा राहिलो. इतका मोठा माणूस त्या चादरीखाली केवढासा दिसत होता. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. काकांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, एवढं मी शपथेवर सांगेन. माझ्या मनात आलं, आता. आता पाय धरावेत आणि सगळं सांगून टाकावं: आठ चौकोन, नववा चौकोन, सगळं. मायची चूक नव्हती, माझी होती.

तेवढ्यात नर्स आली. तिच्या हातात एक छापील कागद होता. "पेशंटजवळ शिकलेलं कोण आहे? हा फॉर्म भरून द्या. डॉक्टर राउंडला येतायत, त्याच्या आत पाहिजे."

तिनं माझे कपडे बघितले आणि कागद माझ्याच हातात दिला. मी खिशातून पेन काढलं. नाव लिहिलं. गाव लिहिलं. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी मी त्यांच्या काही उपयोगी पडत होतो.

"काकू, तरास कधीपासून सुरू झाला? आधी काही गोळ्या चालू होत्या का?"

काकू बोलायला लागली, "आठ दिस झाले, रानात पाणी देताना..." आणि थांबली. काकांनी चांगला हात उचलला होता. त्या हातानं त्यांनी तिच्या लुगड्याचं टोक धरलं. ओढलेल्या तोंडातून शब्द नीट फुटत नव्हते, त्यांना दोनदा म्हणावं लागलं.

"त्याच्यापाशी... नको सांगू."

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. मी काकूकडे बघितलं. काकूनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं माझ्या हातातला कागद हळूच काढून घेतला, अगदी हळू, फाटू नये म्हणून दोन्ही हातांनी, आणि शेजारच्या खाटेजवळ एक पँट-शर्टातला अनोळखी माणूस बसला होता त्याच्यापुढे धरला.

"भाऊ, एवढं लिहून देता का जरा?" ती त्याला म्हणाली. "आमच्यात लिहिणारं कुणी न्हाई."

त्या माणसानं कागद घेतला आणि आपले खिसे चाचपले. त्याच्याजवळ पेन नव्हतं. मी माझं दिलं.